मखमलीतली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. मखमलीच्या पेटीत राहते, पेटीला कुलूप आहे, त्यामुळे माझं उत्तम चाललंय असं तुम्हाला वाटेल. तसा गैरसमज करून घेऊ नका.

एका लोहाराने मला घडवलं आणि बाजारगल्लीच्या तोंडाशी असलेल्या कापडदुकानाच्या मालकांनी विकत घेतलं. दिवसभर मालक तागे उलगडायचे, मोजायचे आणि मी कापायची. मोजून झालं की ते चार बोटं कापड जास्त सोडत. गिऱ्हाइकाला नवल वाटलं तर म्हणत, "कापलेलं जोडता येत नाही, ताई. चार बोटं सुटलेली बरी."

या चार बोटांनीच त्यांचं नाव झालं. एका दुकानाची अनेक दुकानं झाली आणि पुढे गल्लीने त्यांना खासदार म्हणून निवडून दिलं. प्रचारात त्यांनी एकच वचन दिलं होतं: "ही गल्ली मी हलू देणार नाही."

मला वाटलं, आता मोठं काम मिळणार. वेडीच मी. सभागृहाच्या दारावरच मला अडवलं. धारदार वस्तू आत चालत नाही म्हणे. जिभा मात्र कुणी तपासत नव्हतं.

मग माझ्या नशिबी फिती आल्या. फीत कापायची, टाळ्या ऐकायच्या आणि पेटीत जायचं. पेपरात माझा फोटोही आला. पण कापडाच्या आवाजासाठी मी तरसले. वरून चमकत होते, म्हणून धार लावायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

अशात जुने बाजार पाडण्याचा कायदा आला. त्यात आमची गल्लीही जाणार होती. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मालक माझी पेटी उघडून बसले.

"विरोध करा," मालकीणबाई म्हणाल्या.

"पक्षाचा आदेश आहे. हात वर केला नाही, तर खासदारकी जाईल."

"जाऊ दे की. बाकीची दुकानं आहेत आपली."

"मी हात वर नाही केला म्हणून कायदा थांबतोय थोडाच?"

"मग चार बोटं तरी सोडायला सांगा. आधी दुकानदारांना जागा द्या, मग पाडा म्हणावं."

मालकांनी पेटी मिटली. मी आत, ते बाहेर, पण कोंडलो होतो दोघंही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला.

वर्षभराने नव्या बाजाराच्या कामाच्या शुभारंभाची फीत बांधली, ती नेमकी आमचं दुकान होतं तिथे. पलीकडे पाडलेल्या गल्लीभोवती नुसते पत्रे ठोकलेले. मालकांनी मला फितीवर चालवलं, पण फीत माझ्या पात्यांत दुमडली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. लोक हसू लागले. आमच्या पायरीवर जन्मभर मशीन चालवलेला शिंपी गर्दीत उभा होता. तो हळूच म्हणाला, "शेठ, थांबा की जरा."

मालक थांबले. मला वाटलं, आता ते मागे फिरतील.

पण तबकात दुसरी कात्री तयारच होती.

आता मालक कधीतरी पेटी उघडतात, माझ्या पात्यावर चार बोटं ठेवून बसतात आणि पेटी पुन्हा मिटतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या कात्रीला मखमल नका देऊ, कापड द्या. अधूनमधून धार लावा. आणि कापण्याआधी चार बोटं सोडा. कापलेलं जोडता येत नाही, हे मला माझ्या मालकांनीच शिकवलं होतं.