मर्लने लावलेलं फाटक

फाटक मर्लने लावलं, साखळी खिळ्यात अडकवली, दोनदा ओढून पाहिली आणि सायकलवर बसली. आपण काय करून बसलो, हे पुढचे नऊ किलोमीटर तिच्या डोक्यातही आलं नाही.

चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं. नवरा क्लॅरी मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या टोळीचा ट्रक चालवायचा, मर्ल त्या टोळीची स्वयंपाकीण. या मुलखात चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं, गाडी गेली की लावायचं. क्लॅरी मुद्दाम शंभर पावलं पुढे जाऊन थांबायचा आणि आरशात बघत हसायचा. तेवढी पावलं मर्ल शिव्या देत चालायची. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. तो गेला, ट्रक विकला, आणि त्रेसष्टाव्या वर्षी तिने सायकल घेतली. नऊशे किलोमीटरची तीच वाट, पण या वेळी कुणाच्या शेजारी न बसता.

"म्हातारीला चळ लागला," गावात म्हणाले.

"लागू दे. तुमच्या दारात जेवायला येत नाही," ती म्हणाली.

आज सहावा दिवस. लाल वाळू, तोंडावर माश्या, पाठीला वारा. काट्यांनी दोन पंक्चर दिली, ती काढता काढता दुपार झाली. बोअरजवळ पोहोचली तर हौद तळाला गेलेला आणि लिंडसे ट्रेगेन्झा पंपाचं इंजिन उघडून बसलेला. आसपासची सगळी गुरं त्याची. पोरसवदा असताना मर्लच्या हातचं तीनदा वाढून घ्यायचा.

"मावशी, अजून चालताय?"

"तुझ्या पंपापेक्षा बरी."

तिने केकचा डबा उघडला, त्याने चहाचं डबडं जाळावर ठेवलं.

"पलीकडचं तळं आटलं," तो म्हणाला. "म्हणून काल मधलं फाटक उघडं टाकलं, गुरं इकडे येऊन पितील. सकाळी दहाला यायला हवी होती. एक शेपूट नाही."

मर्लचा घास तोंडातच राहिला.

"कुणी शहरी लोक गेले असणार," लिंडसे चहा ओतत म्हणाला. "उघडं दिसलं की लावतात, वर पुण्य केल्याचा आव. तुम्हीच ओरडायचात ना त्यांच्यावर? जसं दिसलं तसं ठेवा म्हणून?"

ती नुसती हो म्हणाली असती तरी भागलं असतं. वाऱ्याने चाकांची खूणही बुजली होती.

"शहरी कुणी नाही," मर्ल म्हणाली. "मी लावलं."

"तुम्ही?"

"मीच. हाताची सवय. आता तोंड मीट, माशी जाईल."

लिंडसेने खिशातून पिकअपची किल्ली काढली. "चला, फाटकापर्यंत सोडतो तुम्हाला. पंप नंतर बघू."

"आणि गुरं येऊन काय तुझं तोंड चाटणार? तू पाण्याचं बघ. फाटकाचं मी बघते."

"समोरून वारा आहे, मावशी."

"असू दे. तो काही माझा जावई नाही, त्याची मर्जी बघायला."

पण येताना ज्या वाऱ्याने लाड केले, त्यानेच जाताना छातीवर हात ठेवून अडवलं. अर्धी वाट तिने सायकल ढकलत काढली. मुक्कामाचं ठिकाण तर आता हुकलंच होतं. गुडघा बोलत होता. तिने त्याला उत्तर दिलं नाही.

गुरं फाटकाला चिकटून उभी होती. माना तारांवर टाकलेल्या, ओरडणंही थांबलेलं. एक वासरू खाली बसलं होतं. मर्लने साखळी काढली, फाटक ढकललं आणि त्याच्या आड उभी राहिली. गुरं तिच्याकडे न बघता पाण्याच्या वाटेने निघाली. वासराजवळ जाऊन तिने शेवटची बाटली टोपीत ओतली आणि टोपी त्याच्या तोंडाशी धरली. ते प्यालं, दोनदा कोलमडलं, मग आईच्या मागे गेलं.

शेवटची गाय गेली आणि मर्लचा हात आपोआप फाटक ओढायला लागला. अर्ध्यावर तिने तो थांबवला. फाटक पुन्हा मागे ढकललं, खाली दगड लावला.

पुढे रस्त्यावर धूळ खाली बसत होती. मग सायकल हातात धरून शंभर पावलं चालत गेली, आणि तिथे पोचल्यावर सायकलवर बसली.