निंगव्वाचं भाषांतर

अक्कम्माचा आवाज जाऊन दोन महिने झाले होते. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. घसा ठणठणीत होता. मग १९७४च्या उन्हाळ्यात सासू निंगव्वा आणि नवरा शिवयोगी तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर रेगे पुण्याहून सोलापुरात नुकतेच आले होते.

"शिरेतून पेंटोथाल देतो," डॉक्टर म्हणाले. "अर्धवट गुंगी येते. मनात अडकलेलं माणूस बोलून टाकतं."

"खरंच बोलतंय व्हय?" निंगव्वाने विचारलं.

"बहुधा."

निंगव्वाने पदर सारखा केला. अक्कम्माचा बाप तिच्या माहेरी, वळसंगला वारला, त्या दिवशी इकडे नव्या दुकानाची पूजा होती. पोरीला लगेच धाडा, हा निरोप सकाळीच आला होता. निंगव्वाने तो पोटात ठेवला आणि पंगती उठल्यावर बाहेर काढला. ही मंडळी पोचली तेव्हा माती देऊन लोक हातपाय धूत होते. भावकीने जाब विचारला. निंगव्वा म्हणाली, "मी हिला सकाळीच सांगितलं. पूजा झाल्यावर जाते, म्हणाली." अक्कम्माने सासूकडे वळून तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो गेला तो तेव्हापासूनच. शिवयोगीने आईचं खरं मानलं.

गुंगीत अक्कम्मा कानडीत बोलणार आणि डॉक्टरांना कानडी येत नव्हती. नवऱ्यासमोर बायका मोकळं बोलत नाहीत, म्हणून त्यांनी शिवयोगीला बाहेर बसवलं आणि दुभाषी म्हणून सासूला आत घेतलं. डॉक्टरांचं अजून लग्न व्हायचं होतं.

सुई टोचली. अक्कम्माचे डोळे जडावले.

"आवाज कसा गेला, विचारा."

निंगव्वाने विचारलं. अक्कम्मा बोलू लागली. जीभ जड होती, पण आवाज तिचाच होता. निंगव्वा ऐकतच राहिली.

"काय म्हणाली?"

काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण दोन महिने निंगव्वाला घरात भांडायलाही कुणी नव्हतं.

"सासूनं निरोप दाबला, म्हणतीया. आन् वर माझ्यावरच ढकललं."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "सासू म्हणजे तुम्ही?"

"तिला एकच हाय की."

"तेव्हा जे बोलायचं राहिलं, ते आता बोलू दे."

निंगव्वाने वाकून सुनेला कानडीत सांगितलं, मला शिव्या दे.

"निन्न बायाग मण्ण बीळली," अक्कम्माने सुरुवात केली.

"तुझ्या तोंडात माती पडो, म्हणतीया."

मग निंगव्वाचं माहेर आलं, पिकलेले केस आले, दुकानाची पूजा आली. निंगव्वा एकेक मराठीत करत गेली. एका ठिकाणी अडली. "ह्ये मराठीत बसत न्हाय. लई वाईट हाय, येवढं लिवा."

डॉक्टरांनी तसं लिहिलं.

"जागी झाल्यावर तिला यातलं फारसं आठवणार नाही," ते म्हणाले. "आवाज टिकायचा तर तिला जागेपणी हे कळायला हवं. मी सांगेन."

"तुमाला जमायचं न्हाय. मीच सांगतो."

अक्कम्मा जागी झाली. "अत्ती," तिने सासूला हाक मारली. आवाज घोगरा होता. "मी काय बोलले?"

निंगव्वाने दार उघडलं. "शिवयोगी, आत ये. तूही ऐक."

ती स्टूल ओढून सुनेसमोर बसली. "निरोप मी दाबला, इथून सुरू होतं," ती कानडीत म्हणाली. मग तोंडातल्या मातीपासून सगळं क्रमाने सांगू लागली. शिवयोगी दाराला टेकून खाली बघत होता.

"एवढं म्हणाले मी?" अक्कम्माने मध्येच विचारलं.

"गप, अजून आहे," निंगव्वा म्हणाली, आणि दचकली. "नाही, गप नको. तू बोल."