गुलाबी झाडाखालचा शोभेचा कॅमेरा

“बाबा, ह्या कॅमेऱ्यानं खरंच फोटो निघतो का?”

हा प्रश्न उल्काच्या मैत्रिणींच्या डोक्यातून आलेला. “हिंमत असेल तर गिऱ्हाइकांसमोर विचारून दाखव,” असं त्यांनी तिला डिवचलं होतं, आणि नववीतली आमची उल्का असल्या बाबतीत माघार घेईल तर शपथ! पुण्याच्या वारज्यात रस्त्याकडेच्या फुललेल्या गुलाबी झाडाखाली, नटूनथटून उभ्या असलेल्या भावी नवरा-नवरीसमोर, तिनं खणखणीत आवाजात विचारलं.

तिच्या बाबांनी मान वरसुद्धा केली नाही. “शोभेचा आहे तो. आत काही नाही.”

आत काही नाही! मित्रांनो, तो कॅमेरा म्हणजे मी. जुना आहे, कबूल. दोन भिंगांचा, पेटीसारखा, कातडी पट्टा झिजलेला. पण आत काही नाही? मला दात असते ना, तर कडकडून चावलो असतो.

ऐका तर मग. माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा मी पुण्यात आलो, सदाशिव पेठेत, उल्काच्या आजोबांच्या स्टुडिओत. शरच्चंद्र त्यांचं नाव. मला डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरतात आणि वरून माझ्या काचेत वाकून बघतात. शरच्चंद्र असे वाकले की वाटे, मलाच नमस्कार करताहेत. शाळांचे वर्गफोटो, मुंजीतले गोटा केलेले बटू, स्थळांना पाठवायचे लाजरे चेहरे, सगळे माझ्या काचेवरून गेले. बाळ रडायला लागलं तर शरच्चंद्र खुळखुळा वाजवत नसत. थांबत. “रडून झालं की हसेल आपोआप,” म्हणत. आणि बाळ हसायचं! लोक कौतुकानं सांगत, हा कॅमेरा माणसाला आहे तसा दाखवतो.

मग रंगीत रोल आले, डिजिटल आलं, मोबाईल आले. स्टुडिओ बंद पडला. शरच्चंद्र गेले. मी कपाटात, उशांच्या अभ्र्यांमागे. खरं सांगतो, तेव्हा मला राग नव्हता आला. म्हातारपणी झोप चांगली लागते.

राग आला तो मला बाहेर काढल्यावर. शरच्चंद्रांचे चिरंजीव अनंतराव लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढतात आणि वासंतीताई, म्हणजे उल्काची आई, त्यांना नटवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे झाड अंगभर फुलतं. नाव टॅबेबुया, पण सगळे त्याला ‘आपलं चेरी ब्लॉसम’ म्हणतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते असं दिसतं, की माझी भिंगं आतल्या आत शिवशिवतात. आणि मी कशात? फुगे, छत्री आणि मोडकी सायकल यांच्या रांगेत! नवरदेव मला हमखास डोळ्याला लावतो. नवरी म्हणते, “सो क्यूट!” अरे, पोटाशी धर मला, पोटाशी!

त्याहून संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. अनंतरावांना फोटोत पडत्या फुलांचा पाऊस हवा असतो. झाड काही सांगितल्यावर फुलं गाळत नाही. मग ते हातात बांबू घेतात आणि फांद्या झोडपतात. फटाक, फटाक!

त्या दिवशीही तेच झालं. पलीकडच्या घरातून मथुराबाई तरातरा आल्या. वारज्याच्या मूळच्या त्या. झाडाला दोन वर्षं हंड्यानं पाणी त्यांनीच घातलेलं.

“अवो सायेब, झोडपायला ती काय चिंच हाय व्हय?”

“आजी, फुलं उद्या पडणारच आहेत. आम्ही आज पाडतो, एवढंच.”

“मंग फांदी कशापायी मोडली?”

अनंतरावांनी आपला डिजिटल कॅमेरा सरसावला आणि नवरदेवाला हसायला सांगितलं.

परतताना गाडीत वासंतीताई म्हणाल्या, “सीझन संपला की ह्या जुन्याचा लॅम्प करून घेऊ या. पोटाला भोक पाडून बल्ब बसवतात. हॉलमध्ये मस्त दिसेल.”

भोक! मला! उल्कानं मला घट्ट धरलं आणि ती गप्प बसली. ही मुलगी गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजतंय हे घरच्यांना कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती मला नारायण पेठेत घेऊन गेली, आजोबांचे स्नेही आप्पासाहेब यांच्याकडे. त्यांच्या घरी फोटो धुवायची अंधारी खोली अजून आहे. त्यांनी माझी चावी फिरवली, खटका दाबला. टक्! “शटर ठणठणीत आहे. तुझ्या बापासारखं कुरकुरत नाही,” असं म्हणून त्यांनी कृष्णधवल रोल भरला. “मोजके फोटो मिळतील. मोबाईलसारखं टिचटिच करायचं नाही. थांबायचं.”

थांबायचं! कितीतरी वर्षांनी हा शब्द ऐकला मी.

रविवारी सूर्य नुकता वर आला होता. ऊन पाकळ्यांतून गाळून खाली येत होतं. उल्का मला पोटाशी धरून वाकली. नवीन जोडप्यातली मुलगी ओरडली, “दादा, तुमच्या फोटोंत असतो तो विंटेज कॅमेरा कुठंय?”

“तो कामावर आहे,” उल्का म्हणाली.

अहाहा! माझ्या आयुष्यातलं सर्वांत गोड वाक्य.

तिनं फुलं टिपली, ऊन टिपलं. शेवटचा फोटो उरला आणि अनंतरावांनी बांबू उचलला. उल्का थांबली. काठी फांदीवर बसली त्या क्षणी तिनं खटका दाबला.

मित्रांनो, आप्पासाहेबांच्या अंधाऱ्या खोलीत तो फोटो पाण्यातून वर आला तेव्हा त्यात गुलाबी रंग नव्हता. रंग गेला आणि राहिलं काय? दातओठ खाऊन काठी हाणणारा एक माणूस, लोंबणारी फांदी आणि तिच्याखाली गोड हसणारी दोघं. मी आहे तसं दाखवलं. तेवढंच मला येतं.

म्हणून सांगतो, वस्तूला नुसतं पुसून मांडू नका. तिचं काम तिच्याकडून काढून घेऊ नका. आणि चार पाकळ्यांसाठी कुणाला झोडपू तर मुळीच नका.

संध्याकाळी उल्कानं तो फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला. वासंतीताई बघत राहिल्या. “अहो, हे तुम्ही?” त्यांनी हळूच विचारलं. अनंतरावांनी घास ताटात ठेवला आणि फोटो जवळ ओढला.

“आई, लॅम्प बाजारातून आण. हा कॅमेरा आजपासून माझा,” उल्का म्हणाली. “आणि बाबा, मी ठरवलंय. यापुढे तुझ्या प्रत्येक शूटला मी येणार. तू जोडप्याचे फोटो काढ. तू काठी उचललीस, की मी तुझे काढणार.”