पिपाणीचे सेल

घरमालकाला कुणी घरमालक म्हटलेलं खपत नसे. "मी तुमचा काका," असं तो शिकायला आलेल्या भाडेकरू मुलींना पहिल्याच दिवशी बजावे, आणि मग काकाच्या हक्कानं स्वतःजवळच्या चावीनं वाटेल तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर शिरे.

तिघींत थोरली, संशोधन करणारी, म्हणून तिला सगळे ताई म्हणत. तिचे बाबा, निवृत्त चित्रकला शिक्षक, दोन दिवस राहायला आले होते. बाथरूमच्या झरोक्यावर ठोकलेलं नवं जाड प्लास्टिक पाहून ते म्हणाले, "हा पडदा कशाला? गिझर लाजतो की काय?"

"थंडी येऊ नये म्हणून काकांनी लावला."

"काका? सख्खे?"

"नाही हो बाबा, भाड्याचे."

बाबा खो खो हसले. मग तिच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारून त्यांनी गॅस गिझरचं चित्र काढायला घेतलं: मोठं पोट, बारीक नाक, एखाद्या साहेबासारखं. पलीकडे धाकटी डोक्यावर ओला रुमाल ठेवून पडली होती. तेवढ्यात घरमालक उगवला.

"डोकं दुखतंय? मोबाइल कमी बघा."

"मळमळतंयसुद्धा, काका."

"बाहेरचं खाणं, दुसरं काय!"

प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे उत्तर तयार असे, आणि प्रत्येक उत्तरात चूक पोरींचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ग्रंथालयात गेली. बाबा अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. मुलींनी दार फोडलं, पण उशीर झाला होता.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. गिझरच्या ज्योतीला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धाकटीचं डोकं त्यानंच दुखत होतं. पंचनाम्यात मात्र 'अपघात' एवढाच शब्द आला, जणू वीज पडली होती.

लोकांना तर तेवढाही शब्द नको होता. आत्या म्हणाली, "दादा पुण्यवान. कुणाला त्रास न देता गेला." शेजारी म्हणाले, "हृदयच ते, वय कुणाला चुकलंय?" ताई मान डोलवत राहिली. सांत्वनाला आलेल्या माणसाची चूक काढू नये, एवढी सभ्यता तिला बाबांनीच शिकवली होती.

महिन्याभरानं ती सामान न्यायला आली. दोघी मैत्रिणी केव्हाच घरी परतल्या होत्या. झरोक्यावरचं प्लास्टिक तसंच होतं. बाथरूमबाहेरच्या भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारं छोटं यंत्र होतं, तिनंच आणून लावलेलं. त्या सकाळी ते का वाजलं नाही? तिनं झाकण उघडलं. आत सेल नव्हते.

"ते होय!" घरमालक दारातून म्हणाला. "तुमचे बाबा यायच्या आदल्या दिवशी धाकटी न्हात होती, आणि ही तुमची पिपाणी आपली पीं पीं, पीं पीं! बिघडली होती मेली. मीच वर येऊन सेल काढले. पोरगी बाहेर यायच्या आत सगळं शांत! सेल मात्र उत्तम हो. टाकायचे कशाला? आमच्या घड्याळात घातले. मिनिटभर मागे पडत नाही."

त्याच्या चेहऱ्यावर अपराध शोधणं म्हणजे दगडात पाझर शोधणं होतं. तिथं फक्त काटकसरीचं समाधान होतं.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. दोन नव्या मुली, आणि त्यांतल्या एकीची आई खोली पाहायला आल्या होत्या.

"इथं कुणीतरी गेलं म्हणे?" आईनं विचारलं.

"चक्कर आली हो म्हाताऱ्याला. पुण्यवान मरण."

"आणि गिझर? मुली रोज वापरणार."

"अहो, सोन्यासारखा आहे! मी काय घरमालक आहे? काका आहे यांचा. विचारा ना ताईला."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मान डोलवायची सवय एव्हाना मुरली होती. तिनं यंत्र टेबलावर ठेवलं, रिकामी खाच वर करून.

"माझे बाबा वयानं गेले नाहीत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो झरोका यांनी बुजवला. हे यंत्र ओरडून सांगत होतं, त्याचे सेल काढून यांनी आपल्या घड्याळात घातले. बाबांना यांनी मारलं. आणि हे कुणाचे काका नाहीत. घरमालक आहेत."