काचेवरची अंडी

लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर काकांनी घरातली मागची खोली माशांना देऊन टाकली. भिंतीलगत लोखंडी मांडणी, तिच्यावर नऊ टाक्या आणि दिवसभर बुडबुडणाऱ्या हवेच्या नळ्या. दिखाऊ, मोठे मासे त्यांनी कधी पाळले नाहीत. बोटाच्या दोन पेरांएवढे, मिश्यांचे, तळाची वाळू हुंगत फिरणारे मासे, हाच त्यांचा षोक. हे मासे मोहरीएवढी अंडी काचेला चिकटवतात आणि नंतर स्वतःच ती मटकावतात. म्हणून अंडी दिसली, की काका आईबापांना उचलून शेजारच्या टाकीत टाकायचे आणि अंड्यांच्या टाकीत दहा-पंधरा गोगलगायी सोडायचे. चपट्या, तपकिरी, मसुरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. आळीत त्यांना अजून लिफ्टवाले काकाच म्हणत.

दोन महिन्यांपूर्वी त्यांची लेक घरी आली होती. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ठेंगणीठुसकी होती म्हणून ठकी. त्याआधी सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, तेव्हा भर समुद्रात. तो नंतर पंधरा दिवस येऊन राहिला आणि परत गेला. ठकी ‘चार दिवस जाऊन येते’ म्हणून बाबांकडे आली ती राहिलीच. विचारलं तेवढ्यापुरतं बोलायची. स्वच्छ भांडी पुन्हा घासायची. तिची आई असती तर तिला जवळ घेऊन रडवलं तरी असतं. पण ती जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि काका बोलण्यात पहिल्यापासून कच्चे. तिच्यासमोर चहाचा कप ठेवायचा आणि मागच्या खोलीत पळ काढायचा, एवढंच त्यांना जमायचं.

एका सकाळी ठकीच चहा घेऊन त्या खोलीत आली. कडेच्या टाकीत आदल्या दिवशीच अंडी पडली होती. तिनं वाकून पाहिलं आणि कप तसाच फरशीवर ठेवला.

“बाबा, गोगलगाय खातेय! अंडी खातेय!”

काका उठेपर्यंत तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता. काचेवरून, पानांखालून, वाळूतून एकेक गोगलगाय ती ओरबाडून काढत होती. पाणी अंगावर सांडत होतं, तिकडे लक्ष नव्हतं. काकांनी थांबवायला हात पुढं केला आणि तिचा चेहरा बघून मागं घेतला. सगळ्या एका डब्यात भरून तिनं गल्लीतल्या कचरापेटीत फेकून दिल्या.

परत येऊन धापा टाकत तिनं विचारलं, “आता जगतील ना?”

“जगतील,” काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काचेवर कापसासारखी बुरशी धरली. काही अंडी मुळात फळतच नाहीत. ती पांढरी पडतात, त्यांना बुरशी लागते आणि मग शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही ती गिळत जाते. काका भिंग आणि सुई घेऊन खराब अंडी सोडवायला बसले. ज्या हातांनी आयुष्यभर लिफ्टचे बारीक स्क्रू बसवले, त्या हातांना आता हे जमत नव्हतं. एक खराब अंडं काढताना दोन चांगली फुटत होती.

“काय झालं हो?” ठकी दारात उभी होती.

“पाणी गार पडलं. हीटरनं दगा दिला.”

तिनं टाकीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. पारा रोजच्याच आकड्यावर होता.

त्याच दुपारी मासे न्यायला दुकानदार आला. बडबड्या माणूस. टाकी बघताच त्यानं कपाळाला हात लावला. “अहो काका, गोगलगायी कुठं गेल्या? इतकी वर्षं तुम्हीच आम्हाला शिकवता, की त्या मेलेली अंडी तेवढी वेचून खातात, जित्याला तोंड लावत नाहीत म्हणून बाकीची वाचतात! आणि तुमच्याच टाकीत ही कळा?”

काकांनी त्याला डोळ्यांनी खूण केली, पण बोलून झालं होतं. ठकी खोलीतच होती. दुकानदारानं पिशव्या भरल्या, दुसऱ्या टाकीतल्या थोड्या गोगलगायी स्वतःच उचलून इकडे सोडल्या आणि तो गेला.

“मला सांगितलं का नाही?” ठकीनं विचारलं.

“काय सांगणार होतो? मेलेलं तेवढंच खातात म्हणून? तुला?”

ती दोन पावलं जवळ आली. मग अगदी हळू म्हणाली, “बाबा, अजून काय काय सांगितलं नाही मला?”

काका स्टुलावर बसले. हातातली सुई त्यांनी नीट डबीत ठेवली, डबी बंद केली. दोन महिने ते या प्रश्नाला भीत होते.

“मी तुला सांगितलं, की दवाखान्यानं बाळाला लगेच नेलं. ते खोटं होतं. नर्स बाहेर येऊन विचारत होती, आईला दाखवायचं का. मी नको म्हटलं.”

“मी जागी होते, बाबा. मी विचारत होते सगळ्यांना.”

“माहीत आहे. बाहेर ऐकू येत होतं.”

“माझी होती ती!”

“तुझीच होती. मला वाटलं, बघितलंस तर जन्मभर डोळ्यांसमोरून जाणार नाही. मी चुकलो, ठके.”

ठकीनं मांडणीचा गज घट्ट धरला. “तुम्ही पाहिलंत?”

“घेतली होती. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत, एवढीशी. डोक्यावर दाट जावळ होतं. नखंसुद्धा आली होती. उजव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, तुझ्या आईसारखी.” त्यांनी डबी मुठीत धरली. “नर्स म्हणाली, किती वेळ घेऊन बसणार. मी म्हटलं, बसू दे.”

ठकी खोलीतून निघून गेली. पुढचे दोन दिवस ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि आपलं ताट घेऊन आत जायची. काकांनी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. दीडशे अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. शेपटीचे केसासारखे धागे हलवत ती वाळूवर पडून होती. तिला बोलवावं की नाही, हे त्यांना ठरवता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर जायचे कपडे करून पुढ्यात उभी राहिली. “कुठं ठेवलंय तिला?”

काका तसेच उठले आणि चपला पायात सरकवल्या. बसनं दोघं शहराच्या टोकाला गेली. स्मशानभूमीच्या मागं लहानग्यांसाठी वेगळा तुकडा होता. विटांनी आखलेले छोटे छोटे चौकोन आणि प्रत्येकावर आकडा घातलेली पत्र्याची पट्टी. फाटकावरच्या रखवालदारानं काकांना बघताच मान डोलावली. “आज सोमवार नाही, तरी आलात?”

ठकीनं चमकून वडिलांकडे पाहिलं. दर सोमवारी ते माशांचं खाणं आणायला जातो म्हणून बाहेर पडत. नेहमी रिकाम्या हातांनी परत येत आणि ‘दुकान बंद होतं’ म्हणत.

काका तिला तिसऱ्या रांगेत घेऊन गेले. एका चौकोनातलं गवत नुकतंच उपटलेलं होतं. ठकी खाली बसली आणि तिनं दोन्ही तळहात मातीवर टेकले. तिथं ती मोठ्यानं रडली, दवाखान्यातसुद्धा रडली नव्हती इतकं. काका बाजूला उभे राहिले. मग गुडघे धरत धरत तिच्याशेजारी बसले.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. “तुमच्यावरचा राग इतक्यात जाणार नाही, बाबा.”

“नको जाऊ देऊस.”

“मला पहिल्यापासून सांगा. नर्सनं तुमच्या हातात दिली तिथून. काही गाळू नका.”

काकांनी सांगायला सुरुवात केली. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळली होती, म्हणाले, आणि टॉवेल अजून कोमट होता.