पांढरी मॅट

"माझ्याकडे नको बघूस, मॅटकडे बघ! सुरकुती पडतेय तिथे," मावशी म्हणाली, आणि सुताराने पुटपुटत गुंडाळीचं टोक पुन्हा उचललं.

सकाळपासून दोघं रंगमंचावर मॅट अंथरत होती. नृत्यगृहाचा नवा हंगाम त्याच संध्याकाळी सुरू होत होता आणि पहिल्याच कार्यक्रमाला पांढरी मॅट हवी होती. आजवर इथे सगळे काळ्या मॅटवर नाचले होते. ही पांढरी नाचणाऱ्यांनी स्वतःबरोबर आणलेली, आणि इतकी जड की तिच्या पट्ट्या जोडता जोडता मावशीची कंबर पार कामातून गेली होती.

"पांढरं कसलं खूळ काढलंय!" सुतार म्हणाला. "चहाचा एक थेंब सांडला तर?"

"तू चहा बाहेर पी, म्हणजे सांडणार नाही."

"आणि नाचाचं नाव माहितीये? 'शीर्षक नाही, भाग दोन'."

"मग भाग एक कुठे गेला?"

"तो कुणाला कळला नसेल, म्हणून दुसरा काढला."

मावशी हसली, पण हसायलाही आता दम लागत होता.

यंदाचा अख्खा हंगाम असल्याच नाचांचा होता. गाणं नाही, गोष्ट नाही. माणसं पळत येतात, धाडकन पडतात, एकमेकांच्या पाठीवरून घरंगळतात आणि मग बराच वेळ नुसती उभी राहतात. विंगेतल्या स्टुलावर बसून मावशीने असे कितीतरी नाच पाहिले होते. अर्थ विचाराल तर तिला सांगता आला नसता. पण एखाद्या वेळी कुणी नुसती मान वळवून मागे बघितलं, की उगाचच तिचा गळा भरून यायचा आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

हे सगळे नाच अनवाणी पायांचे. म्हणून तर मावशीचं काम होतं.

तिचा नवरा इथे दिव्यांचं काम बघायचा. तो गेल्यावर तिला झाडलोटीला घेतलं. एकदा फरशी पुसताना बादली कलंडली, भिजलेल्या चपला तिने काढून ठेवल्या, आणि डोळ्यांना न दिसलेली टाचणी पायाला लागली. तेव्हापासून पद्धतच पडली. मॅट अंथरून झाली की मावशीने तिच्यावरून अनवाणी फिरायचं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पाऊल घासत, वीतभर जागा न सोडता. तिने "या" म्हटलं की मगच नाचणाऱ्यांनी पाय ठेवायचा. नखरेल, तापट, सदा घाईत असलेले असे नाना तऱ्हेचे लोक इथे येऊन गेले, पण त्या एका "या"साठी सगळे विंगेत मुकाट उभे राहायचे. घरी तिचा शब्द कुणी फारसा मनावर घेत नसे. इथे घेत.

आणि आता पायच फितूर झाले होते.

गेल्या हंगामापासून तळव्यांना काही कळेनासं झालं होतं. आधी मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मग तेही थांबलं. एकदा भर रस्त्यात चप्पल पायातून निसटली आणि ती तशीच चालत राहिली. मागून एका बाईने हाक मारून चप्पल आणून दिली. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्या कानावर हे गेलं तशी तिने एका सुट्टीच्या दिवशी सासूला पलंगावर बसवलं.

"आई, डोळे मिटा. आता कुठल्या बोटाला हात लावला, सांगा."

"अंगठ्याला."

"आता?"

"करंगळीला. आता टाचेला. पुरे कर गं, गुदगुल्या होतायत!"

गुदगुल्या कसल्या होतायत! पापण्या किलकिल्या करून मावशी समोरच्या कपाटाच्या आरशात बघत होती. सुनेला संशय आला असावा. "साखर अंगात मुरली की पाय बधिर होतात, आई. निदान बूट तरी घालत जा कामावर," ती म्हणाली. बूट घालून फिरायचं तर मग फिरायचंच कशाला? मावशीने विषय बदलला.

तेव्हापासून ती डोळ्यांनीच काम भागवत होती. वाकून वाकून बघायची, पाय घासल्यासारखे करायची आणि "या" म्हणायची. अजून कुणाला काही लागलं नव्हतं, ते केवळ नशीब.

पट्ट्या जोडून झाल्या. रंगमंचाच्या मागच्या लाकडी चौकटीवर सुताराने कापड ताणून स्टेपलरने पक्कं केलं आणि तो सामान घेऊन विंगेत गेला. मावशीने चपला काढल्या आणि फिरायला सुरुवात केली. वर दिवे लावले होते आणि पांढऱ्या मॅटवरून त्यांचा उजेड थेट डोळ्यांत येत होता. डोळे चोळत ती एका कडेहून दुसऱ्या कडेला गेली, वळली, परत आली. अर्ध्यावर येऊन थांबली आणि मागे बघितलं, तर मॅटवर लाल ठिपके.

"सुतारा! इकडे ये आधी!"

"काय झालं?"

"वर तोंड करून विचारतोस काय झालं? लाल रंग कुणी आणला इथे? संध्याकाळी कार्यक्रम आहे, कळतं का? डोळे आहेत की बटणं?"

"माझ्याकडे लाल रंगच नाहीये, मावशी."

"मग हे काय माझ्या बापाने सांडलं?"

सुतार हात पुसत मॅटच्या कडेला आला. त्याने ठिपक्यांकडे पाहिलं. ते पलीकडच्या कोपऱ्याजवळून निघाले होते, एकापुढे एक, मावशी वळली तिथे वळले होते आणि तिच्याच पायाशी येऊन थांबले होते.

"मावशी," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "पाय उचला जरा."

स्टेपलरची पिन टाचेत पुरती रुतली होती. त्याने मावशीला कडेला बसवलं, पक्कड आणली आणि पिन ओढून काढली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मावशी भिंतीकडे बघत होती.

"दुखलं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना!"

मग तिच्या मनात आलं, काळ्या मॅटवर हे दिसलंच नसतं. असं आधी किती वेळा झालं असेल, देव जाणे. ती मनातून चरकली.

"माझीच पिन आहे ही," सुतार म्हणाला. "कापड ठोकताना पडली असणार. कधीपासून आहे हे पायाचं?"

"गेल्या हंगामापासून."

त्याने फडकं ओलं करून आणलं, गुडघ्यांवर बसून एकेक ठिपका पुसला, मग तिच्या टाचेला चिंधी बांधून दिली. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "हे काम गेलं तर घरी बसून काय करणार तुम्ही?"

"टीव्ही बघेन."

"तुम्हाला टीव्ही आवडत नाही."

"नाहीच आवडत मेला."

तो तिची बाजू घेतोय हे पाहून तिला इतकं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. एवढा एक हंगाम, तिने मनाशी ठरवलं. एवढा निभावून नेऊ, मग बघू. तिने पायांत चपला सरकवल्या.

इतक्यात विंगेत पावलं वाजली. नाचणारे आले होते आणि सगळ्यांच्या पुढे चिमणी होती. लहानपणी ती इथल्याच शनिवारच्या वर्गात शिकायची. "या" म्हणायच्या आत रंगमंचावर धावायची म्हणून मावशीने तिचा कान कितीदा तरी पिळला होता. आता तिच्या केसांत एक पांढरी बट होती आणि हा सगळा गट तिचा होता.

"मावशी, झालं ना फिरून?" ती म्हणाली. "मी यांना सांगून ठेवलंय, इथे बिनधास्त अंग टाकायचं. मावशी फिरलीये म्हणजे काळजी नाही."

ती सगळी मंडळी मॅटच्या कडेला ओळीने उभी राहिली. मावशीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. कुणाच्या अंगठ्याला पट्टी होती, कुणाची नखं काळी पडलेली. सुतार खाली मान घालून पक्कड पुसत बसला होता. तिने "या" म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"फिरले," ती म्हणाली. "पण माझ्या फिरण्यावर जाऊ नका. मला कळत नाही आता, बाळ. पाय मेलेत माझे. आत्ताच पिन घुसली, तर तीसुद्धा कळली नाही."

समोर खुर्च्यांच्या रांगेत नृत्यगृहाच्या संचालकबाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

"मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर फिरू दिलं असतंत?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उद्या बोलू आपण," त्या म्हणाल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या त्या. पण त्यांच्या "उद्या बोलू"चा अर्थ इथे सगळ्यांना ठाऊक होता, आणि मावशीला तर जास्तच. ती स्टुलावर बसली.

"मग आम्ही फिरतो," चिमणी म्हणाली. "कसं फिरायचं, सांगा."

"आधी चवडा टेकवायचा, टाच मागून. भार टाकायचा नाही, घासत जायचं. आणि तोंड बंद."

ते एका ओळीत निघाले. इतक्या हळू चालायची त्यांना सवय नव्हती, सुरुवातीला चुकत होते. "घाई कशाची आहे?" मावशी बसल्या जागेवरून खेकसली, तसे सावकाश चालायला लागले. पांढऱ्या मॅटवरून त्यांचे पाय कुरकुरत सरकत होते, बाकी आवाज नव्हता.

मागच्या चौकटीजवळ एका मुलीने "आई गं" म्हणून पाय वर घेतला.

सुताराने कपाळावर हात मारला. चिमणीने वाकून मॅटवरून दुसरी पिन उचलली आणि आणून मावशीच्या तळहातावर ठेवली. मावशीने ती अंगठ्याने दाबून पाहिली. पिन कचकन टोचली. तिचे डोळे भरून आले.

"लागलं का?" चिमणीने हात पुढे केला. "द्या ती इकडे, टाकून देते."

"राहू दे गं जरा," मावशी म्हणाली, आणि तिने मूठ मिटली.