प्रेसची जाळी

हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी काढल्याशिवाय माल वेळेत निघणार नाही, असं सुपरवायझरने बजावलं, तेव्हा फिटरने का-कू न करता पत्रा कापायच्या प्रेसवरच्या जाळीचे चार बोल्ट सोडले. दुसऱ्याच दिवशी त्या प्रेसवर कारखान्यातच कामाला असलेल्या फिटरच्या बायकोला बसवलं आणि तिची तीन बोटं गेली.

दवाखान्यात सुपरवायझर कागद घेऊन आला. जाळी बाईंनीच काढली, असं त्यावर लिहिलं होतं.

"साक्षीदार म्हणून सही कर, नाहीतर तुझं नाव घालतो."

फिटरने सही केली.

संध्याकाळी बायकोची गुंगी उतरली. "अहो, जाळी कुणी काढली होती?"

"तूच," तो म्हणाला. "तुला आठवत नसेल."

ती बराच वेळ आठवत राहिली. मग बँडेजचा हात पोटाशी धरून रडवेली होत म्हणाली, "माझंच चुकलं हो. रागावू नका."